हातची भेट

दिवाळीचे दिवे मालवले आणि कार्तिकातील पहाटेचा गारवा अंगास झोंबू लागला, म्हणजे आमच्या गावी घरोघर माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. २०२३ सालापर्यंत सरकारदप्तरी औरंगाबाद म्हणून नोंदले जाणारे आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेले हे गाव उन्हाळ्याबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु पौषातल्या एखाद्या रात्री येथील पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, ही गोष्ट परगावच्या पाहुण्यास मध्यरात्री दुसरे पांघरूण मागण्याची वेळ आल्यावरच कळते. त्या ट्रंकांतून डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर गेल्या कित्येक वर्षांचे स्वेटर बाहेर निघतात. त्यांतील काही बाजारातून आणलेले असतात, काही घरी विणलेले. बाजारच्या स्वेटराची आठवण कोणी काढीत नाही; तो अंगास येतो की नाही एवढेच पाहिले जाते. घरी विणलेला एखादा हाती आला, की मात्र घरातील कोणी तरी क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘हा आत्याने विणलेला.’ आत्या जाऊन वीस वर्षे झालेली असतात, स्वेटर कोणाच्याही अंगास येत नसतो, आणि तरी तो पुन्हा घडी होऊन ट्रंकेत जातो.

हातच्या भेटीचे हे माहात्म्य आम्हीही पुष्कळ गायिले आहे. महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकविण्यात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. दान आणि दातृत्व हे विषय निघाले म्हणजे हाताने केलेल्या भेटीचा दाखला आम्ही हटकून देत आलो, आणि तो श्रोत्यांस आवडतही आला. परंतु गेल्या दिवाळीत आमच्याच घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि तेव्हापासून तो दाखला पूर्वीच्या सहजतेने आमच्या तोंडून निघेनासा झाला आहे. प्रसंग अगदी घरगुती आहे. पण नीतीचे पुष्कळसे प्रश्न घरातच जन्मास येतात आणि बहुधा घरातच दडपले जातात. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

गेल्या गणेशोत्सवात आमची धाकटी बहीण जालन्याहून आली होती. तिच्या मुलास नुकतीच दिल्लीस नोकरी लागली होती. दिल्लीची थंडी कशी हाडांत शिरते याच्या गोष्टी निघाल्या, आणि बोलण्याच्या भरात आम्ही म्हणून गेलो, ‘काळजी करू नकोस. दिवाळीला आमच्याकडून तुला हातचा स्वेटर!’ भाचा हसला, बहिणीस बरे वाटले, आम्हांसही आपल्या औदार्याचे समाधान वाटले. आमची पत्नी तेव्हा स्वयंपाकघरात मोदकांच्या पाऱ्या करीत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गुलमंडीवर जाऊन करड्या रंगाची चारपदरी लोकर घेऊन आलो, तिचे पैसे दिले, आणि त्या क्षणी आमचे काम संपले.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास आम्हांस जाग आली. बैठकीच्या खोलीत दिवा जळत होता. पत्नी भिंतीस टेकून बसली होती आणि विणून पुरी झालेली बाही वरच्या अंगाकडून ओळीमागून ओळ उसवीत होती. उसवलेला धागा मांडीवर कुरळा होऊन पडत होता. दोन वर्षांपासून तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. अंगठ्यास तिने पट्टी बांधली होती. आम्ही विचारले, ‘काही चुकलं का?’ ती म्हणाली, ‘चुकलं नाही. बाही दोन बोटं लांब करायची आहे.’ भाच्याचा जुना स्वेटर मापासाठी शेजारीच पडला होता. आम्ही बाही त्यास लावून पाहिली. माप तंतोतंत होते. तेव्हा आम्ही किंचित त्रासून म्हणालो, ‘अगं, मापात आहे की! कशाला एवढा खटाटोप? नाही झाला दिवाळीपर्यंत तर राहू दे.’ तिने मान वर न करता उत्तर दिले, ‘राहू दे कसं? शब्द दिलाय ना तुम्ही.’

या उत्तरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते, कारण रागास उत्तर देता येते. शब्द आम्ही दिला होता आणि तो पाळीत ती बसली होती. अंथरुणावर परत येऊन पडल्यावर एक प्रश्न आम्हांस छळू लागला, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. ही भेट देणारे कोण?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी हातच्या भेटीस श्रेष्ठ का मानतात, हे पाहिले पाहिजे. ती वस्तू म्हणून अधिक चांगली असते, असे कोणी म्हणेल तर ते टिकणारे नाही. विल्यम ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने विणकामाचे यंत्र १५८९ सालीच बनविले, आणि यंत्राचा टाका हाताच्या टाक्याहून एकसारखा पडतो, हे तेव्हापासून उघड आहे. हिवाळ्यात गावोगाव तिबेटी विक्रेते उबदार कपड्यांच्या राहुट्या मांडतात. तेथील पुष्कळसा माल लुधियानाच्या कारखान्यांतून आलेला असतो, आणि तो ऊब, बेतशीरपणा व किंमत या तिन्ही बाबतींत घरच्या विणकामास सहज मागे टाकतो. दोन सुयांवरचे लोकरीचे विणकाम ही आमची पुरातन कलाही नव्हे. गोधडी आमची, वाकळ आमची, बाळंतविड्यातली कुंची आमची. लोकरीचे हे काम एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतून आणि गोऱ्या मडमांच्या सहवासातून आपल्याकडे पसरले. तेव्हा परंपरेचा मोठेपणाही येथे पुढे करता येत नाही.

मग श्रेष्ठत्व श्रमात आहे काय? श्रम थोडे नसतात, हे खरे. आम्ही त्या रात्रीनंतर एकदा हिशेबच मांडला. पाठीचा भाग एकशेदहा टाक्यांचा आणि एकशेसाठ ओळींचा, म्हणजे सतरा हजार सहाशे टाके. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्या सरासरी सत्तर टाके आणि एकशेतीस ओळी धरून अठरा हजार दोनशे. गळा आणि शिलाई सोडून बेरीज त्रेपन्न हजारांवर जाते. मिनिटास पंचवीस टाके या वेगाने हात न थांबता चालले, तर छत्तीस तासांचे काम झाले. आणि हात कधी न थांबता चालत नाहीत. मधे कुकरच्या शिट्ट्या असतात, दाराची घंटा असते, दुखरा अंगठा असतो. पण नुसत्या श्रमात नैतिक मोल नाही. कैदीही श्रम करितो. एखादी हौशी बाई स्वतःच्या कौतुकासाठी गावभर बेमाप टोपरी वाटीत सुटते. तिचे श्रम खरे असतात, परंतु ती टोपरी म्हणजे आणखी एक सक्तीची शाबासकी वसूल करण्याचे साधन असते. अशा भेटीपेक्षा दुकानातून विचारपूर्वक आणलेली वस्तू शतपटीने बरी.

एमर्सनने ‘भेटी’ या आपल्या १८४४ सालच्या छोट्या निबंधात याविषयी मार्मिक विचार मांडला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की देणाऱ्याने आपल्यातील काही दिले तरच ती भेट. दुकानातून दागिना आणून दिला तर त्यात देणाऱ्याचे आयुष्य उतरत नाही, सोनाराचे उतरते. हा विचार आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. त्यात आम्ही एवढीच भर घालू, की आपल्यातील जे द्यावयाचे ते म्हणजे मुख्यतः आपले ध्यान होय. छत्तीस तास जी व्यक्ती दुसऱ्याच्या खांद्यांची रुंदी, गळ्याचा घेर आणि हातांची लांबी मनात धरून बसते, तिच्या चित्तात तेवढा वेळ तो दुसरा वास करितो. माप घेणे ही वरवर शिंप्याची क्रिया दिसते. वस्तुतः दुसऱ्याचे आकारमान आपल्या सोयीने न ठरविता तो जसा आहे तसा जाणून घेणे, ही नीतीची पहिली पायरी आहे. हातच्या भेटीत ही पायरी टाळता येत नाही, आणि तिचे खरे श्रेष्ठत्व आमच्या मते यातच आहे.

आता या कसोटीवर आमचा स्वेटर घासून पाहावा. त्यात आयुष्य कोणाचे उतरले? ध्यान कोणाचे लागले? आम्ही तर गणेशोत्सवानंतर भाच्याचे नावही मनात आणले नव्हते. एमर्सनच्या दृष्टान्तातील सोनार आमच्या घरातच बसला होता आणि त्याची मजुरीही आम्ही दिली नव्हती.

दाता एक आणि कर्ता दुसरा, ही गोष्ट नवी नाही. आमच्या जिल्ह्यातील दगडांवर ती कोरून ठेविली आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे घरमुख दान दिले, असे तो सांगतो. सुमारे दोन हजार वर्षे लोटली तरी त्या दात्याचे नाव, आणि त्याच्या आईचेही, आपणांस ठाऊक आहे. सोळाव्या लेण्यातील लेख वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचे दान नोंदवितो. ज्या हातांनी तो कातळ फोडला त्यांचे नाव या दोन्ही लेखांत नाही. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर आहे. बडोद्यास सापडलेल्या इ. स. ८१२-१३ च्या ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून त्याचा करणारा स्वतःच थक्क झाला आणि हे आपल्या हातून कसे घडले याचे त्यास नवल वाटले, असा त्यात उल्लेख येतो. त्याचे आश्चर्य ताम्रपटाने जपून ठेविले. नाव मात्र लिहिले नाही.

आणि एवढे दूर जावयास कशास पाहिजे? आमच्या गावी पाहुण्यांचा सत्कार हिमरूची शाल देऊन करितात. सुती ताण्यावर रेशमी वेलबुट्टी उठविणारी ही कला तुघलकाच्या दौलताबादच्या काळापासून येथे नांदत असल्याचे सांगतात. आता ती हातमागावर करणारे थोडेच कारागीर उरले आहेत. एका समारंभात अशी एक शाल आमच्याही खांद्यावर पडली. ती कोणत्या संस्थेने दिली, कोणाच्या हस्ते दिली, अध्यक्ष कोण होते, हे सर्व आम्ही आजही सांगू शकू. ती कोणी विणली, हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही.

यावर कोणी म्हणेल, की लेणी खोदणाऱ्यास वेतन मिळाले, हिमरू विणणाऱ्यास दाम मिळाला, आणि दाम घेऊन त्याने नावावरचा हक्क सोडला. त्या व्यवहारात न्याय किती होता हा प्रश्न निराळा; पण तो व्यवहार तरी होता. घरात तोही नसतो. हातच्या भेटीचे सारे वैशिष्ट्य असे, की तीत दाता आणि कर्ता एक होतात. दगडावर जी फारकत दिसते ती सुयांवर नाहीशी होते. आणि आमच्यासारख्या गृहस्थांनी काय केले? ती नाहीशी झालेली फारकत ‘आमच्याकडून’ या एका शब्दाने पुन्हा निर्माण केली. दिवाळीचा फराळ ‘आमच्याकडचा’, बारशाची कुंची ‘आमच्याकडची’, लग्नातल्या रुखवतावरचा क्रोशाचा रुमाल ‘आमच्याकडचा’. या ‘आम्हां’त देणारे तोंड एकाचे असते आणि करणारे हात दुसऱ्याचे. प्रस्तुत लेखात आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणत आहोत, ती मासिकांची जुनी रीत आहे आणि तिने कोणाचे काही बिघडत नाही. पण घरातल्या ‘आम्ही’चे तसे नाही. तो शब्द कधी दोघांस सामावून घेतो, आणि कधी एकास झाकून टाकितो.

याविरुद्ध दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की संसार एक आहे, तेथे हे तुझे हे माझे कशाला? पूजेत यजमान आहुती टाकितो तेव्हा पत्नी त्याच्या हातास हात लावते आणि तेवढ्याने ती पुण्याची वाटेकरी होते. मग स्वेटराच्या बाबतीत हिशेब का? दृष्टान्त चांगला आहे. पण त्यातील जागा नीट पाहाव्यात. त्या स्वेटरात छत्तीस तास आहुती तिने टाकिली, आणि आम्ही गुलमंडीवर जाऊन येऊन हातास हात लाविला. तेव्हा वाटेकरी आम्ही खुशाल असू, पण यजमान कोण होते? संसार एक आहे म्हणून पुण्य दोघांचे, हे आम्हांस मान्य आहे. मात्र संसार एक आहे म्हणून एकाने वचने द्यावीत आणि दुसऱ्याने ती फेडावीत, असा त्याचा अर्थ कोणत्याही शास्त्रात नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो आमच्या पत्नीनेच घेतला. स्वेटर पुरा झाला. भाऊबिजेस जालन्यास जाताना तो कागदात गुंडाळून आम्ही वर चिठ्ठी लावू लागलो. त्या रात्रीचे बोलणे मनात होतेच. म्हणून आम्ही म्हणालो, ‘यावर तुझंच नाव लिहितो.’ ती चटकन म्हणाली, ‘नको, नको. मामा-मामींकडून असंच लिहा. माझं एकटीचं नाव घातलंत तर बिचारा माझ्यासाठी काही तरी आणत बसेल. त्यानं घातला की मला पोचलं.’ आम्ही तसेच लिहिले, आणि आमच्या मनावरचे ओझे एकदम उतरले. इतक्या सहज उतरलेल्या ओझ्याविषयी माणसाने साशंक असावे, हे नीतिशास्त्राच्या प्राध्यापकास तरी सुचावयास हवे होते.

ती जे बोलली त्यात मोठे तत्त्व आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच पंडिताने भेटीविषयीचा आपला सुप्रसिद्ध प्रबंध १९२५ साली लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने अनेक समाजांत भेटीभोवती कशी गुंफलेली असतात, हे त्याने दाखविले. आपल्याकडे आहेराच्या वह्या ठेवणाऱ्यांस हे सांगावयास फ्रेंच पंडित नको. उलटपक्षी, गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्यास सात्त्विक दान म्हटले आहे, ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे योग्य म्हणून दिलेले असते. देणाऱ्याने आपले नावच मागे ठेविले तर परतफेडीचा धागा तुटतो आणि दान निर्मळ होते. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आमच्या मातोश्री तेव्हा शाळकरी होत्या. वर्गातल्या मुलींनी मधल्या सुटीत विणलेल्या मोज्यांची गोष्ट त्या सांगत. विणणारीस घालणारा ठाऊक नव्हता आणि घालणाऱ्यास विणणारी ठाऊक होणार नव्हती. तरी त्या मोज्यांस कोणी कमी प्रतीची भेट म्हणणार नाही. मग नावाचा एवढा आग्रह का?

या आक्षेपावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला, आणि जे उत्तर सापडले ते असे. आपले नाव आपण सोडणे हा सद्गुण आहे. दुसऱ्याने आपले नाव सोडावे अशी व्यवस्था करून तिचा लाभ घेणे हा सद्गुण नव्हे. निःस्वार्थता ही ज्याची त्याने स्वतःवर लादण्याची गोष्ट आहे. ती दुसऱ्यावर लादली की तिचे नाव बदलते. १९६२ सालच्या मोज्यांवर कोणाचेच नाव नव्हते. आमच्या चिठ्ठीवर मात्र नाव होते, आणि त्यात ‘मामा’ पहिले होते. पत्नीने आपले नाव सोडले हे तिचे औदार्य. पण ते सुटलेले नाव हवेत विरत नाही. ते जवळच्या माणसाच्या खात्यात जमा होते. तो माणूस ते मुकाट्याने जमा करून घेतो आणि वर तिच्या निरिच्छतेची स्तुती करितो, तेव्हा तिचे औदार्य ही त्याची सबब बनते. आपल्या घरांतून ‘तिला काही नकोच असते’ हे वाक्य जितक्या अभिमानाने उच्चारले जाते, तितक्याच संशयाने ते ऐकले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

दुसऱ्याच्या हाताची कबुली कशी द्यावी याचा एक लहान पण नामी दाखला इतिहासात आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यासाठी गांधीजींनी सुताचे विणलेले एक लहानसे वस्त्र लॉर्ड माउंटबॅटन यांच्यामार्फत पाठविले. देशात फाळणीचा वणवा पेटला होता आणि वय अठ्ठ्याहत्तर होते. तरी सूत स्वतः कातलेले होते. जग आजही त्यास गांधीजींची भेट म्हणते. पण सोबतच्या चार ओळींच्या पत्रात गांधीजींनी स्पष्ट लिहिले होते, की सूत माझ्या हातचे आहे, आणि विणकाम एका पंजाबी मुलीचे. राजघराण्यास धाडलेल्या भेटीच्या पत्रात ही नोंद नसती तर कोणाचे काही अडले नसते. ज्याने आयुष्यभर अपरिग्रह आचरिला त्याने दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेयही आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. अपरिग्रहाचा हा अर्थ आम्ही कोणत्याही वर्गात सांगितला नव्हता, हे येथे कबूल करितो.

हे काम पुरुषाच्या हातास वर्ज्य आहे, असेही त्या पिढीने मानले नाही. १९४२ साली इंदिराजींनी आपल्या लग्नात जी साडी नेसली, तिचे सूत पंडित नेहरूंनी तुरुंगात कातले होते. तेव्हा ‘आम्हांस येत नाही’ हे उत्तर आमच्यासारख्यांनी फार ठासून देऊ नये. येत नाही याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की शिकण्याची गरज कधी पडू दिली नाही.

असो. भाऊबिजेनंतर महिनाभराने भाच्याचा दिल्लीहून फोन आला. तो म्हणाला, ‘मामा, तुमचा स्वेटर फारच छान आहे. ऑफिसात सगळे विचारतात.’ ‘तुमचा’ हा शब्द कानांवर पडताच आम्ही थबकलो. एका हुंकारात ते श्रेय सहज पदरात पडले असते. आजवर पडत आले होतेच. आम्ही त्यास सांगितले, की स्वेटर मामीने विणला आहे, अंगठा दुखत असताना विणला आहे, आम्ही केवळ तो कबूल करून बसलो होतो. मग फोन तिच्या हाती दिला. बोलणे आम्हांसही ऐकू येत होते. थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘मामी, बाही मुद्दाम लांब ठेवलीस ना? मला हात आत ओढून घ्यायची सवय आहे, ते तुझ्या लक्षात होतं?’ ती हसून म्हणाली, ‘लहानपणी आमच्याकडे यायचास तेव्हा तुझ्या सगळ्या स्वेटरच्या बाह्या ओढून ओढून सैल झालेल्या असायच्या. विणताना आठवलं.’

मध्यरात्री बाही का उसवली जात होती, हे आम्हांस तेव्हा कळले. जुना स्वेटर लावून आम्ही जे माप घेतले ते कापडाचे होते. तिने घेतले ते मुलाचे होते. तो मुलगा आमच्या बहिणीचा. त्याच्या जन्मापासून आम्ही त्यास पाहात आलो, त्याच्या प्रत्येक सुटीत तो आमच्या अंगणात खेळला, आणि थंडीत तो हात बाहीत ओढून घेतो हे आमच्या कधी दृष्टीस पडले नाही. भेट देणारे कोण, या प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढे ग्रंथ धुंडाळून शोधीत होतो. ते त्या दोन बोटांच्या लांबीत होते.

यातून व्यवहारास उपयोगी असे काही निघते काय? आमच्या मते तीन गोष्टी निघतात, आणि तिन्ही साध्या आहेत. दुसऱ्याच्या हातांवर विसंबून कोणास वचन देऊ नये. द्यावयाचेच तर आधी त्या हातांस विचारावे. भेट पोचविताना ती कोणी केली हे सांगावे; करणारीने नको म्हटले तरी सांगावे, कारण नको म्हणणे हा तिचा अधिकार आहे आणि सांगणे हे आपले कर्तव्य. आणि ज्यास भेट मिळाली त्याने ‘कोणी दिली’ एवढ्यावर न थांबता ‘कोणी केली’ असेही विचारावे. पुढच्या खेपेस कोणी आमच्या खांद्यावर हिमरूची शाल घातली, तर विणणाऱ्याचे नाव विचारण्याचे आम्ही ठरविले आहे. अध्यक्षमहाराजांस ते ठाऊक असेल असे नाही. परंतु प्रश्न विचारला गेला तर निदान पुढच्या वर्षी कोणास तरी ते ठाऊक करून घ्यावे लागेल.

यंदा पुतणीकडे पहिले बाळ व्हावयाचे आहे. बाळंतविड्यासाठी पिवळी लोकर घरात आली आहे. या वेळी ती कोणती आणावी, किती आणावी आणि आणावी की नाही, हे आम्ही ठरविले नाही. हा लेख येथवर आला असता पत्नी लडी घेऊन दाराशी उभी आहे. लोकरीचा गुंडा करावयाचा असतो तेव्हा समोर कोणी तरी दोन हात पसरून लडी धरावी लागते. तिचे म्हणणे असे, की लेख उद्याही लिहिता येईल. ते बरोबर आहे, आणि आमचे दोन्ही हात मोकळे आहेत.